कळ ओसरेपर्यंत

त्या वसंतात मेंढ्या उभ्या उभ्या खचत होत्या. हिवाळ्यात बर्फ पडून वितळला आणि पुन्हा गोठला, त्यामुळे खालचं गवत काचेआड ठेवल्यासारखं नुसतं दिसायचं, तोंडाला लागायचं नाही. आता बर्फ गेला होता आणि गोबीकडून वारा सुटला होता. एखादी गाभण मेंढी चालता चालता थांबायची, पाय फाकवायची आणि तिथंच बसायची. तिला उठवणं म्हणजे दोघांचं काम. दोर्लिग पुढून मान धरायचा आणि सारनै मागून गुडघा लावायची.

"तू सोड," दोर्लिग म्हणायचा. "तुला उचलू नको म्हणून सांगितलंय ना?"

"उचलतंय कोण? ढकलतेय मी."

सारनैला नववा सरत आला होता. अंगरख्याचा पट्टा आता पोटावर बसत नव्हता म्हणून ती तो छातीखाली गुंडाळायची. दाबलेल्या लोकरीची, नमद्याची पिशवी गळ्यात अडकवून ती कळपामागून चालायची, आणि उघड्यावर जन्मलेलं कोकरू ओलंचिंब पिशवीत घालून गेरमध्ये, त्यांच्या नमद्याच्या गोल तंबूत आणायची. आत सासू, डुलमा, चुलीपाशी बसलेली असायची. ती कोकरू मांडीवर घेऊन पोत्याच्या तुकड्यानं असं खसाखसा पुसायची, की ते थंडीनं नाही तर रागानं ओरडायला लागायचं.

मेंढ्या सहकारी संघाच्या होत्या. मेलेल्या प्रत्येक कोकरासाठी संघाला उत्तर द्यावं लागे. परवाच संघाच्या इथल्या ब्रिगेडचा प्रमुख घोड्यावरून येऊन गेला होता. बाहेर वाळत टाकलेली कातडी बघून तो दोर्लिगला म्हणाला, "कोकरं तरी नीट जगवा रे तुम्ही." बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो उगाच घोड्याचा लगाम सारखा करत राहिला. सारनै शेणकुटांची टोपली घेऊन शेजारीच उभी होती. तिनं टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि आत गेली.

गेल्या वर्षी याच दिवसांत तिला कळा आल्या होत्या. ब्रिगेडच्या ठाण्यावरची नर्स पगमा आली, पोटाला लाकडी कर्णा लावून तिनं एकदा ऐकलं, "छान आहे" म्हणाली आणि पलीकडच्या खोऱ्यात दुसरी बाई अडली होती तिकडे निघून गेली. दुपारी दोर्लिग आत आला. तो शर्यतीची घोडी तयार करायचा. घोड्याच्या छातीला कान लावून हा पल्ला गाठेल की नाही ते सांगायचा, आणि लांबून लांबून लोक त्याच्याकडे घोडी घेऊन यायचे. दौड संपल्यावर ज्याचं काळीज लवकर संथ होतं ते जनावर दमदार, हे त्याचं माप. त्यानं सारनैच्या पोटाला कान लावला आणि त्याचा चेहरा खुलला. "आई, ऐक तरी! कसा संथ ठोका पडतोय. एवढ्या कळांत पोर शांत आहे. जातिवंत आहे." डुलमा हसली. कळ सोसत सारनैही हसली. सांजेला पोर आलं ते रडलं नाही.

त्यानंतर दोर्लिगनं कुठल्या घोड्याच्या छातीला कान लावला नव्हता. कुणी घोडं घेऊन आलं, तर खूर बघायचा, दात बघायचा आणि माघारी पाठवायचा.

मेंढ्या निम्म्या व्यायल्या असतील, तेव्हा पगमा मोटारसायकलवरून आली. तोंडाला बांधलेला रुमाल सोडला तर डोळ्यांभोवतीची धूळ तेवढी चष्म्यासारखी उरली. तिनं हात चुलीवर शेकले, मिठाच्या चहाचा वाडगा दोन घोटांत संपवला, आणि सारनैला पलंगावर निजवून कर्णा लावला.

"छान आहे," ती म्हणाली.

सारनैनं तिचं मनगट धरलं. "गेल्या वर्षीही छान होतं."

डुलमाच्या हातातलं कोकरू पुसणं थांबलं. पगमानं मनगट सोडवून घेतलं नाही. ती सारनैहून वयानं मोठी होती, जाडजूड, लाल गालांची. पण त्या क्षणी तिला कुठं बघावं ते कळेना.

"होतं," ती म्हणाली. "मी ऐकलं तेव्हा होतं."

"मग काय ऐकायचं राहिलं?"

"दोन कळांच्या मधे ऐकलं मी. कळ आली की कर्णा बाजूला काढला. तुला दुखेल म्हणून. सगळे तसंच करायचे." तिनं नाक पुसलं. "कळ ओसरेपर्यंत कान लावून धरायला हवा होता. पोराचं खरं काय ते तेव्हा कळतं."

"यावेळी धरायचा," सारनै म्हणाली. "आणि तू नसलीस तर? वारा असा. तुला तीन खोरी. मला काही माझ्या पोटाला कान लावता येत नाही."

"संघाची गाडी आली की तुला सोमला, तालुक्याच्या गावी, बाळंतिणींच्या आरामघरात नेऊन ठेवते. तिथं डॉक्टर आहे."

"आणि गाडीच्या आधी कळा आल्या तर? घरात कुणालातरी शिकव."

"माझ्याकडं बघू नका," डुलमा म्हणाली. "माझे कान वाऱ्यानं कधीच खाल्ले. मला आता कुत्रं भुंकलेलं त्याच्या तोंडावरून कळतं."

"मग याला शिकव," सारनै म्हणाली आणि दाराकडं बोट केलं. दोर्लिग नुकताच वाकून आत येत होता.

"पुरुषाला?" डुलमानं कोकरू खाली ठेवलं. "बाळंतिणीच्या पोटाशी? तुझ्या सासऱ्यांना तीन पोरं झाली, पण माझं आटपेपर्यंत त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत पाय घातला नाही."

"घातला असता तर तुम्हाला तेवढा चहा तरी मिळाला असता."

पगमा हसली. दोर्लिगनं एकदा कर्ण्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे. "मी नाही," तो म्हणाला आणि आला तसा बाहेर गेला.

सारनै उठली. डुलमा 'अगं, अगं' करेपर्यंत ती बाहेर. वाऱ्याला पाठ देऊन, पोट दोन्ही हातांनी धरून ती वाड्याच्या दगडी भिंतीपर्यंत गेली. दोर्लिग तिथं एका मेंढीच्या सडाला चिकटलेली माती उगाच खरवडत होता.

"या खोऱ्यात तुझ्याएवढा कान कुणाला नाही," ती म्हणाली.

"त्याच कानानं पोर घालवलं मी."

"कानानं नाही घालवलं."

"मग कशानं?"

"तू नीटच ऐकलंस. संथ होतं ते संथच होतं. अर्थ चुकला तुझा. अर्थ काय, शिकता येतो. कान शिकवता येत नाही." वाऱ्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायला तिनं हात काढला नाही. "तुला भीती वाटते तर वाटू दे. मलाही वाटते. पण मी काही बाहेर जाऊन मेंढी खरवडत बसू शकत नाही."

दोर्लिगनं मेंढी सोडली. ती दोन पावलं गेली आणि परत त्याच्याच पायाशी येऊन उभी राहिली.

आत पगमानं त्याला आधी हात धुवायला लावले. मग त्याची दोन बोटं सारनैच्या मनगटावर ठेवली. "हा आईचा ठोका. हा बोटाखाली ठेवून कानानं ऐकायचं. कानातला आणि बोटातला एकच निघाला तर समज, तू आईलाच ऐकतोयस. पोर अजून सापडलेलं नाही. कर्णा हलव."

दोर्लिग वाकला. कर्णा वीतभर लांब, मधे चीर गेलेला, तारेनं बांधलेला होता. सारनैला त्याच्या केसांतला मेंढ्यांचा वास आला. वर्षभरानं तो तिच्या पोटाच्या एवढा जवळ आला होता. तो कर्णा बोटभर बोटभर सरकवत राहिला. मग त्याचे खांदे एकदम वर गेले.

"हा बघ. किती पळतोय! भ्यायलाय."

"नाही भ्यायला," पगमा म्हणाली. "तिथंच तर घोडं आणि माणूस यात फरक आहे. पोटातलं पोर पळतच असतं. दौडीच्या तालावर जन्माला येईपर्यंत. मधूनच वेग वाढवतं, मधूनच कमी करतं, तेही चांगलं. एकसुरी पळायला लागलं तर मला आवडत नाही. थांब, ते हललं का?"

"हललं," सारनै म्हणाली.

"आणखी जोरात गेला," दोर्लिग म्हणाला. त्याचा आवाज कर्ण्याच्या लाकडातून आल्यासारखा येत होता. "आता परत पहिल्यासारखा."

"हललं की पळायचं, हे पोर खुशीत असल्याचं लक्षण. आता कळांचं ऐक. कळ येते तेव्हा पिशवी आवळते. आवळली की त्याला वारा कमी मिळतो, डोकंही दाबतं. कळेच्या माथ्यावर ठोका जरा उतरला आणि कळेबरोबरच पुन्हा चढला, तर घाबरायचं नाही. पण कळ गेली आणि हा मागंच राहिला..."

"म्हणजे?"

"कळ ओसरताना उतरायला लागला. कळ संपली तरी खालीच. मग उशिरानं कधीतरी वर आला. म्हणजे त्याला पुरत नाहीये. दम पुरत नाहीये."

दोर्लिगनं कान काढला. कानाभोवती कर्ण्याचं लाल कडं उमटलं होतं. "आणि दौडीवरचा ठोका चालीवर उतरला तर?"

"तर शांत झाला म्हणून बसायचं नाही," पगमा म्हणाली. कुणी कुणाकडं बघितलं नाही. "उताणं झोपवायचं नाही तिला. उताणी झोपली की पोटाचं सगळं वजन पाठीतल्या मोठ्या शिरेवर पडतं, पोराकडं जाणारं रक्त तुंबतं. डाव्या कुशीवर घ्यायची. तेवढ्यानं सुधारलं तर बरं. नाही सुधारलं तर माझ्याकडं. वाट बघायची नाही, कोकरू अडलंय म्हणून थांबायचं नाही, कुणाला विचारायचं नाही."

जाताना तिनं कर्णा ठेवून दिला. "माझ्याकडं पत्र्याचा आहे," म्हणाली. "थंडगार लागतो. बायका शिव्या घालतात."

पुढचे दिवस दोर्लिग सकाळी कळप सोडण्याआधी आणि संध्याकाळी कळप कोंडल्यावर ऐकायचा. डुलमा तेवढ्यापुरती तोंड फिरवून चुलीत शेणकुटं घालत बसायची. पण ऐकून झालं की पहिला प्रश्न तिचाच असायचा. "हं, काय म्हणतंय?"

"दौडतंय, आई."

"कुठं जायचंय एवढं कुणास ठाऊक," ती म्हणायची आणि चहात दूध जरा जास्त घालायची.

गाडी यायची होती त्याच्या आदल्या दिवशी आभाळ पिवळं झालं. सकाळ असून दिवा लावावासा उजेड होता. दोर्लिग कळप वळवायला गेला. सारनै गेरच्या आडोशाला एका मेंढीपाशी बसली होती. मेंढी पहिलटकरीण, स्वतःचंच कोकरू हुंगून लाथ मारायची. सारनैनं तिला गुडघ्याखाली दाबून धरलं, कोकराच्या शेपटीला तिचंच दूध चोळलं आणि 'तोइग, तोइग' असं हळू आवाजात गात राहिली. हे गाणं ऐकलं की मेंढीचं मन पाघळतं, तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, असं सगळे म्हणत. या मेंढीच्या डोळ्यांत धुळीनं आधीच पाणी होतं. पहिली कळ आली तेव्हा सारनै गात होती. दुसरी आली तेव्हाही गात होती, फक्त सूर चढला. शेवटी मेंढीनं कोकराला चाटलं. सारनैनं तिला सोडलं, भिंतीला धरून उठली आणि आत जाऊन म्हणाली, "आई, सुरू झालं."

दोर्लिग आला तोवर वारा गेरच्या दोरांना ओढत होता. छताच्या झरोक्यातून वाळू चुलीवर पडून चरचरत होती. त्यानं हात धुतले, तोंड धुतलं, कर्णा घेतला.

"ही आली," सारनै म्हणाली आणि पलंगाची कड धरली.

तो वाकला, दोन बोटं तिच्या मनगटावर. कळ चढली, उतरली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडलं तर त्याला ऐकू येणार नाही म्हणून तिनं अंगरख्याची बाही दातांत धरली.

"काय?"

"जरा उतरला. तुझ्याबरोबरच वर आला."

"म्हणजे चांगलं?"

"चांगलं."

असं बराच वेळ चाललं. डुलमानं पाणी तापवलं, मेंढीच्या मटणाचं पाणी केलं, दोरा आणि कात्री उकळून घेतली. प्रत्येक कळेनंतर तिघं एकमेकांकडे बघत. मग फटकन आवाज झाल्यासारखं झालं, सारनैच्या पायांखालचं पांघरूण भिजलं, आणि पुढची कळ वेगळीच आली. ती थोडी थोडी चढली नाही. एकदम माथ्यावरच आली.

कळ गेली. दोर्लिग उठला नाही.

"काय?" सारनै म्हणाली.

त्यानं कर्णा आणखी दाबला.

"बोल ना."

"कळ गेली."

"मला ठाऊक आहे कळ गेली. ते काय करतंय?"

"चालतंय."

"चालतंय की दुडक्या चालीनं?"

"चालतंय." त्याची बोटं तिच्या मनगटात रुतली होती. "चालतंय... अजून... आता दुडकी. दुडकी... दौडलं." तो वर बघून म्हणाला, "उशिरा आलं."

"डावी कूस," सारनै म्हणाली आणि स्वतःच वळायला लागली.

डुलमानं तिचा खांदा धरला. पलंग पूर्वेच्या अंगाला, बायकांच्या बाजूला होता. डोकं उत्तरेला, देवांकडं. डाव्या कुशीवर वळायचं म्हणजे तोंड भिंतीकडं आणि पाठ चुलीकडं. "चुलीला पाठ करून बाळंतीण होत नाही पोरी," ती म्हणाली. "आपल्या घरात नाही. विस्तव रागावतो. उजव्या कुशीवर हो, मी धरते."

"डावी म्हणाली ती."

"मग डोकं इकडं कर."

"पाय देवाकडं करायचे?" दोर्लिग ओरडला.

"ओरडू नकोस माझ्यावर! मी का त्याचं वाईट चिंतते?" "गेल्या वर्षी काही चुकलं म्हणूनच..."

पुढची कळ येत होती. सारनैला ती पाठीतून सरकताना जाणवली. ती भिंतीकडं वळली, चुलीकडं पाठ करून. "आई," ती भिंतीच्या नमद्यात म्हणाली, "विस्तवाची माफी मी नंतर मागते."

मग सारनैला मागं काहीतरी पडल्याचा आवाज आला. डुलमानं पश्चिमेच्या पलंगावरचं खोगीर दोन्ही हातांनी खाली टाकलं होतं. तो तिच्या नवऱ्याचा पलंग. तो गेल्यापासून तिथं पाहुणा पुरुष तेवढा निजायचा. तिनं त्यावरचे लगाम, चाबूक, पट्टे गोळा करून दाराशी फेकले आणि उशी थोपटली.

"इकडं आण तिला," ती लेकाला म्हणाली. "इथं डोकं देवाकडं, डावी कूस आणि तोंड चुलीकडं. सगळं होतं. आजवर या पलंगावर बाई निजली नाही. आज निजेल."

दोघांनी मिळून तिला चुलीला वळसा घालून नेलं. मधे कळ आली तेव्हा ती डुलमाच्या गळ्यात लोंबकळली. नंतर दोर्लिगनं ऐकलं. "लवकर आलं. दुडकीच्या खाली गेलंच नाही." डुलमानं चुलीत लोण्याचा गोळा टाकला, ज्वाळ उठली.

पण ते फार वेळ टिकलं नाही. काही कळांनंतर दोर्लिगच्या तोंडातून पुन्हा तो शब्द आला. चालतंय. आणि परत यायला त्याला दर वेळी जरा जास्तच वेळ लागत होता.

"उंट जुंप," सारनै म्हणाली.

"या वाऱ्यात?"

"कुणाला विचारायचं नाही म्हणाली ती. मी सांगतेय."

दोर्लिगनं आईकडं बघितलं. कळप वाड्यात होता, अर्ध्या मेंढ्या व्यायच्या होत्या, आणि तिघांतली दोन माणसं गेली तर वाऱ्यात एकटी म्हातारी उरणार होती.

"माझ्याकडं काय बघतोस?" डुलमा म्हणाली. "मेंढ्या मेल्या तर संघाला मी तोंड देईन. जा."

गाडीत नमद्याच्या घड्या घातल्या, वरून ताडपत्री बांधली. ठाणं दोन टेकड्यांपलीकडं होतं, मधे कोरडी नदी. दोर्लिग उंटाची वेसण धरून पुढं चालत होता, कारण बसून चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. वाट दिसत नसली तरी पायाखाली लागत होती. सारनैला कळ आली की ती ताडपत्रीवर मूठ मारायची. तो उंट थांबवायचा, मागं यायचा, आत शिरून डोक्यावरून अंगरखा ओढून घ्यायचा आणि कर्णा लावायचा. बाहेर वारा एवढा घोंघावत असताना याला आत काय ऐकू येतं, हे तिला कळत नव्हतं. पण तो सांगायचा.

"दुडकी. आलं. दौडतंय."

मग उंट पुढं.

नदीच्या पात्रात रेतीत चाक रुतलं. तिथंच कळ आली, आणि त्यानं कान लावला तो काढेचना.

"परत येत नाहीये," तो म्हणाला.

"चालतंय?"

"थांबत थांबत चालतंय. सारनै, परत येत नाहीये."

तिनं त्याला लोटलं. अडलेल्या मेंढीचे मागचे पाय आपण उचलतो, आतलं कोकरू मागं सरकावं म्हणून. एवढंच तिच्या मनात आलं, आणि तेही शब्दांत आलं नाही. ती उलटी झाली. गुडघे टेकले, छाती आणि गाल नमद्याला लावला, ढुंगण वर. कळेची शेवटची लाट पाठीतून डोक्याकडं उतरली.

"आता ऐक."

"कुठून ऐकू?"

"खालून! घाल डोकं!"

तो आडवा पडून तिच्या पोटाखाली शिरला. ताडपत्री फडफडत होती. उंट कुरकुरत होता. तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि तो तिनं धरून ठेवला.

"दुडकी," खालून आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग, "दौडलं. दौडलं!"

"मग बसलास काय? चाक काढ."

ती तशीच राहिली. पुढच्या कळा तिनं तशाच सोसल्या, गुडघ्यांवर, तोंड नमद्यात. दोर्लिग प्रत्येक वेळी आत शिरून ऐकायचा. ठोका उतरत होता, पण परत येत होता.

ठाण्यावर दवाखान्याच्या भिंतीआड वादळातून वाचायला आलेली पाचसहा माणसं घोडी धरून उभी होती. गाडी थांबली तेव्हा वाऱ्यानं ताडपत्री उडाली. सगळ्यांनी बघितलं, सारनै ढुंगण वर करून मेंढीसारखी गाडीत पडली होती, केसांत वाळू, अंगरखा कमरेच्या वर गेलेला. त्यात ब्रिगेडचा प्रमुखही होता. त्यानं मान वळवली.

"मान काय वळवताय?" दोर्लिग त्याच्या अंगावर ओरडला. तो त्याच्याशी असं कधीच बोलला नव्हता. "दार धरा! पायाकडून उचला तिला!"

प्रमुखानं घोडं सोडलं आणि धावत आला. त्यानं तिचे पाय धरले. तिला लाज आठवली नाही. ती एवढंच म्हणाली, "उताणी करू नका."

पगमानं काही विचारलं नाही. तिनं डाव्या कुशीवर घेतलं, आतून बघितलं आणि दोर्लिगला म्हणाली, "काय ऐकलंस?"

"कळ ओसरल्यावर चालीवर येतंय. नदीत तर थांबल्यातच जमा होतं. गुडघ्यांवर झाली तेव्हा परत आलं."

"मग नाळ दाबली जात असणार कुठंतरी." ती आधीच बाह्या वर सारत होती. "सारनै, डोकं हाताशी आहे. आता ढकलायचं. कुशीवरच. मी सांगेन तेव्हा, आणि थांब म्हणाले की थांबायचं. दोर्लिग, तू ऐकत राहा आणि तोंडानं सांगत राहा. मला मान वर करायला वेळ नाही."

"दौडतंय," दोर्लिग म्हणाला. "उतरलं. चालतंय."

"ढकल!"

"चालतंय. चालतंय अजून."

"आणखी. आणखी, पोरी."

सारनैला वाटलं, मेंढी उठवताना लागतो तेवढा जोर आपल्याकडं अजून आहे. तेवढा लावला. मग त्याहून जास्त.

"थांब!" पगमा म्हणाली. सारनै थांबली. हे सगळ्यांत अवघड होतं. पगमाची बोटं भराभर काहीतरी सोडवत होती. "दोन वेढे आहेत मानेभोवती. हा एक. हा... निघत नाही. कात्री." कापल्याचा आवाज आला. "आता सगळं दे."

पोर आलं तेव्हा निळं होतं आणि ओल्या कापडासारखं लोंबत होतं. पगमानं त्याला पालथं घेतलं, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या, तोंडातलं पुसलं. खोलीत वाऱ्याखेरीज आवाज नव्हता. सारनै कोपरावर उठली होती. हे तिनं एकदा बघितलेलं होतं. ती नजर काढणार नव्हती.

पगमानं पोराच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवून बारीक फुंकर घातली. छाती जराशी उचलली. "ठोका बघ," ती दोर्लिगला म्हणाली. "छातीला कान लाव. कर्णा नको."

दोर्लिगनं कान लावला. तेवढ्या छातीवर त्याचा कान मावत नव्हता.

"आहे?" सारनै म्हणाली.

"आहे. चालतंय."

पगमानं पुन्हा फुंकर घातली. पुन्हा.

"दुडकी," दोर्लिग म्हणाला. "दुडकी... चढतंय. पगमाताई, चढतंय. दौड..."

पोरानं त्याच्या कानातच किंचाळी फोडली.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. दुपारी डुलमा घोड्यावरून आली. भुवयांपासून ओठांपर्यंत सगळी मातीची. कळपाजवळ तिनं शेजारच्या खोऱ्यातल्या बाईला बसवलं होतं. किती मेंढ्या गेल्या ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिनं नात बघितली, पांघरूण उघडून हात बघितले, पाय बघितले, नाळ बघितली. मग पांघरूण पुन्हा तोंडावर ओढून आवाज खाली आणला.

"एनेबिश," ती म्हणाली. "एनेबिश नाव ठेवू."

पगमा मान हलवून हसली. ज्या घरी मूल जगलेलं नसतं तिथं असंच नाव ठेवतात. एनेबिश म्हणजे ही ती नव्हे. शोधत येणाऱ्या वाइटाला वाटावं, घर चुकलं, आणि त्यानं परत जावं.

"नाही," सारनै म्हणाली.

"अगं, माझ्या भावाचं नावही तेच होतं. नव्वदीपर्यंत जगला."

"हीच आहे, आई. ही ती नव्हे कसं म्हणू? वाळूतून, गुडघ्यांवर, सगळ्या ठाण्यासमोर आणलीय तिला. आता लपवायचं कुणापासून?" तिनं पांघरूण बाजूला केलं. पोरीनं उजेडाला डोळे मिटले. "बोलोर. स्फटिक. बोलोर नाव आहे तिचं."

डुलमानं पांघरूण पुन्हा ओढलं नाही. रिवाजाप्रमाणे नाव बापानं कानात सांगायचं असतं, हळू, तीनदा. दोर्लिग पलंगाशी गुडघे टेकून बसला आणि पोरीच्या कानाशी वाकला.

"मोठ्यानं," सारनै म्हणाली.

"कानात सांगायचं असतं."

"कानातच सांग. पण मोठ्यानं. बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

दोर्लिगनं घसा साफ केला. खिडकीबाहेर ब्रिगेडचा प्रमुख घोड्याला पाणी दाखवत होता. त्यानं मान वर केली. "बोलोर!" दोर्लिग म्हणाला. पोर दचकली, दोन्ही हात हवेत उडाले. "बोलोर!" तिचं तोंड उघडलं. तिसऱ्यांदा नाव घेतलं ते तिच्या रडण्यात कुणालाच नीट ऐकू आलं नाही, म्हणून डुलमा दाराशी गेली, दार उघडलं आणि बाहेरच्या सगळ्या पडलेल्या वाऱ्याला उद्देशून, भांडायला उठल्यासारखी, ते तिनं एकदा स्वतः घेतलं.